दारात कोण होतं

शुक्रवारी चौथ्या तासाला उदयसिंगनं प्रश्न विचारला आणि माझ्या हातातला खडू मोडला. त्याच्या प्रश्नामुळे मोडला असं सांगायला मी काही नाटक कंपनीतला नट नाही. लढाई सुरू झाल्यापासून खडू असेच येतात, जरा दाबला की भुगा. रोज चार मोडतात आणि एकही लक्षात राहत नाही. हा राहिला. बाहेर जिनिंगची घरघर चालली होती. माघ महिना, कापसाचे गाडे रस्ताभर उभे, आणि खिडकीतून कापूस उडत येऊन बाकांवर, पोरांच्या टोप्यांवर, माझ्या काळ्या कोटावर बसत होता. हा तास जादा इंग्रजीचा. मॅट्रिकच्या बेचाळीस पोरांपैकी ज्यांना पुढे अमरावतीला नाहीतर नागपूरला कॉलेजात जायची उमेद आहे, अशी नऊ जणं या तासाला बसतात आणि आम्ही एक जुनी इंग्रजी कादंबरी वाचतो. वाचतो म्हणजे कसं, तेही सांगून टाकतो. मी एक वाक्य इंग्रजीत वाचतो, ओळीवर बोट ठेवून. मग त्याचं मराठीत मीनिंग सांगतो. नऊ पेन्सिली ते दोन ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात उतरवतात. मग पुढचं वाक्य. पुस्तकं दरवर्षी एकाकडून दुसऱ्याकडे जातात, त्यामुळे निम्म्या पोरांच्या पुस्तकात माझं मीनिंग आधीच लिहिलेलं असतं आणि मी तोंड उघडायच्या आत ती माना डोलवतात. गेल्या अकरा वर्षांत मी त्यातला एक शब्द बदललेला नाही. मध्ये दोनदा बोर्डानं पुस्तक बदललं, पुन्हा हेच आलं, आणि माझं मीनिंगही जसंच्या तसं परत आलं.

गोष्ट आहे एका पाणचक्कीवालीची. इंग्लंडातल्या कुठल्याशा ओढ्याकाठी नवराबायको लोकांचं धान्य दळून देतात. एक दिवस नवरा घोडी विकायला जत्रेला जातो. गुरुवारपर्यंत येतो, म्हणतो. येत नाही. त्यानंतर ती बाई दळत राहते. लोक येतात, पोती टाकतात, बसून सल्ले देतात, एक जण तर लग्नाचंही विचारून पाहतो, आणि ही दळते. अठराव्या प्रकरणाच्या शेवटी, दिवस कलताना, दाराशी पावलं वाजतात आणि ती हातांचं पीठ झटकून उठते. झालं. बोर्डाचं पुस्तक तिथं संपतं. मूळ कादंबरी पुढे आहे, पण परीक्षेला अठराच प्रकरणं लावलेली, म्हणून छापलीही अठराच. याला आम्ही पोर्शन म्हणतो. पोर्शन संपलं की मी पुस्तक मिटतो आणि महत्त्वाचे प्रश्न सांगायला लागतो: पाणचक्कीवालीचं स्वभावचित्र रेखाटा, ओढ्याच्या वर्णनातले अलंकार ओळखा. त्या शुक्रवारी मी पुस्तक मिटलं आणि फळ्याकडे वळलो, तेवढ्यात उदयसिंग उभा राहिला. हा मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचा पोरगा, बाकीच्यांपेक्षा तीनचार वर्षांनी मोठा, मिशी फुटलेला. वर्षभरात त्यानं तोंड उघडलं नव्हतं.

"सर, मंग दारात कोन होतं?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, ते पोर्शनमध्ये नाही. हे माझं ठरलेलं उत्तर. हेडमास्तर झाले, इन्स्पेक्टर झाले, हुशार पोरं झाली, ज्या ज्या गोष्टीपाशी माझी गाडी अडते तिथं मी हे वाक्य टाकतो आणि पुढे निघतो. त्यात एक सोय आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, मास्तरांना सगळं ठाऊक आहे, पण वेळ नाही. उदयसिंग मात्र बसेना. पोर्शनमंदी नसंल सर, म्हणाला, पन तुमाले तं मालूम असंल. मग त्यानं सांगितलं ते असं, की तो दर इतवारी तांड्यावर जातो आणि वर्गात झालेलं प्रकरण बायांना तांड्याच्या बोलीत, गोरमाटीत सांगतो. तांड्यावरची माणसं दिवाळीनंतर लाकडं तोडायला नाहीतर सडकेच्या कामावर निघून गेलेली, होळीपर्यंत परतायची नाहीत, मागं बाया आणि म्हातारी. त्याची आजी भुरीबाई सगळ्यांच्या पुढे बसते आणि मागच्या इतवारचं त्यानं काही गाळलं तर त्याला पकडते. परवा इतवार. त्यांना शेवट पाहिजे. वर्ग हसला. मीही हसल्यासारखं केलं. माझ्या ओठांवर काहीतरी तयार होत होतं, हे मला जाणवलं. खोटं तयार होताना जिभेला जी एक सवयीची हालचाल होते, ती. तेवढ्यात शिपायानं घंटा मारली म्हणून वाचलो. मी हजेरीपट उचलला आणि चालता झालो, आणि व्हरांड्यात आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी उलट्याच अंगाला जाऊन राह्यलो. असं वर्‍हाडी माझ्या मनात उमटत नाही. तीस वर्षं मेहनत करून मी ते तोंडातून घालवलं आहे.

हाच प्रश्न, याच शब्दांत, मला अकरा वर्षांपूर्वी एकदा विचारला होता. गोजरानं. हे नाव मी तिच्या तोंडावर कधी घेतलं नाही. आमच्यात नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही, आणि मी तर मास्तर. "ऐकलं का" म्हणायचो. आता रिकाम्या खोलीत मनातल्या मनात म्हणून पाहतो, तर ते दुसऱ्याच कोणाचं नाव वाटतं. ती आसेगावची, दौलतरावाची बहीण, घरी दोन बैलजोड्यांची शेती. अक्षर एक नाही. लग्न झालं तेव्हा मी अमरावतीला शिकत होतो, आणि नोकरी लागल्यावर तिला वाशीमला घेऊन आलो, बालाजीच्या देवळामागच्या या दोन खोल्यांत. लेकरू झालं नाही. संध्याकाळी शाळेतून आलो की मी ओसरीवर बसून दुसऱ्या दिवशीचा धडा मोठ्यानं म्हणून पाहायचो, आधी इंग्रजी, मग मीनिंग. चुकायची भीती वाटायची मला, तेव्हाही वाटायची. ती आतल्या दाराशी दाळ निवडत बसलेली असायची. माझी समजूत अशी, की ती दाळ निवडते आहे.

एकदा पुस्तकात असं वाक्य आलं, की बाईनं दगडाला खाऊ घातलं. मी तसंच म्हणालो, दगडाला खाऊ घातलं, आणि आतून हसण्याचा आवाज आला. गोजरा पदर तोंडाशी धरून हसत होती. दगडाले कोन खाऊ घालते, म्हणाली, जात्याले घास देते म्हना ना. मला राग आला. इंग्रजीत बी.ए. झालेला माणूस मी, आणि हिला अक्षर येत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मी म्हणालो, जात्याला घास दिला. पोरांनी लिहून घेतलं. त्यानंतर मी जरा मोठ्यानं वाचायला लागलो, ओसरीवरून सरकत दाराच्या चौकटीपर्यंत आलो, आणि ती मधूनमधून बोलायला लागली. एवढं दळून त्या बाईच्या पाठीत चमक निंगत नसन काय. तो लग्नाचं विचारनारा बेकार मानूस हाय, त्याचं पोतं मोठं हाय म्हनून दिवसभर बसते. ओढ्याचं पाणी आटलं तर ती काय करेल याची तिला काळजी. माझ्या मीनिंगमधले निम्मे शब्द तिचे आहेत. तेव्हापासून या जिल्ह्यात जितकी पोरं माझ्या हाताखालून मॅट्रिक झाली, त्यांच्या पुस्तकांत दोन ओळींच्या मध्ये गोजरा बसलेली आहे, आणि हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तिलाही नाही. ते दोन महिने आमच्या घरात जेवढं बोलणं झालं तेवढं त्याच्या आधीच्या दहा वर्षांत झालं नव्हतं. सुखात होतो मी, स्पष्टच सांगतो. धडा संपू नये असं वाटायचं.

अठरावं प्रकरण आलं. मी शेवटचं वाक्य वाचलं, मीनिंग सांगितलं, ती हातांचं पीठ झटकून उठली, आणि पुस्तक मिटलं. गोजराच्या हातातलं सूप थांबलेलं होतं. मंग, म्हणाली, दारात कोन होतं? आता खरं सांगतो, मला माहीत नव्हतं. वीस वर्षं जे पुस्तक शिकवतो त्याचा शेवट मास्तरांना माहीत नाही, हे कोणाला पटणार नाही, पण तसंच आहे. शाळेत बोर्डाचंच पुस्तक, कॉलेजात मला दुसरी पुस्तकं होती, आणि पुरी कादंबरी मागवायची म्हणजे आपल्याला ती ठाऊक नाही हे आधी आपल्याशी कबूल करावं लागतं. तिला पोर्शन सांगून भागलं नसतं. पोर्शन काय असतं हे तिला कुठे ठाऊक? आणि ती माझ्याकडे अशी पाहत होती, की त्या घडीला मी जे म्हणेन ते झालेलं असेल. त्याच दिवशी हेडमास्तरांनी मला सगळ्यांच्या देखत शाबासकी दिलेली, अंगात वारं शिरलेलं. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, कोणी नव्हतं. वारा होता. ती म्हणाली, वारा? मी म्हणालो, हो, इंग्रजी वाङ्मयात असंच असतं, त्यातच त्याची थोरवी आहे. आणखीही काही बोललो असेन. ती पुन्हा दाळ पाखडायला लागली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ओसरीवर बसून वाचायला लागलो तेव्हा दाराशी कोणी नव्हतं. मागल्या अंगणात भांड्यांचा आवाज येत होता. मी आवाज चढवला. भांड्यांचाही चढला.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. आमच्यात कधी भांडण झालंच नाही. त्याच वर्षी आषाढात, अखाडीच्या आधी दौलतरावाची बायको बाळंतपणात गेली. दोन लहान लेकरं मागं. तो घ्यायला आला, आणि गोजरानं मला विचारलं, जाऊ काय? मी म्हणालो, जा. दोन महिने, चार महिने, अशी बोली होती. रीत अशी की माहेरी गेलेल्या बाईला सासरच्यानं आणायला जावं. ती आपणहून येत नाही. आली तर लोक म्हणतात, हाकलून दिली. मला रीत ठाऊक नव्हती असं नाही. पण मी म्हणायचो, लेकरं मोठी होऊ दे, तिला नको तिथून उठवायला. पुढे म्हणायला लागलो, निरोप आला की जाऊ. निरोप कोण धाडणार? दिवाळीला दौलतरावाकडून हरभरा यायचा, तूर यायची, ती मी ठेवून घ्यायचो. शाळेत कोणी विचारलं तर म्हणायचो, भावाकडे आहे, लेकरांचं करते. विचारणारे सुद्धा हळूहळू थांबले. हाताने भाकर थापायला शिकलो, ती अजून एका बाजूनं जाड होते. आणि धडा मोठ्यानं म्हणायची सवय गेली. ओठ हलतात, आवाज निघत नाही. शेजारच्या धुरपताबाई एकदा म्हणाल्या, मास्तर, तुमच्या घरातून पह्यले कसा बोलल्याचा आवाज यायचा, तवा आमाले वाटे घरात लय मानसं हायेत.

तर त्या शुक्रवारी घरी न जाता मी पोस्टात गेलो आणि नागपूरच्या जुन्या पुस्तकवाल्याला कार्ड टाकलं, अमुक कादंबरी पुरी असेल तर व्ही.पी.नं पाठवा. सोमवारी वर्गात उदयसिंगनं काही विचारलं नाही. माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तकात डोकं घातलं. मला बरं वाटलं आणि लाजही वाटली. अकराव्या दिवशी पार्सल आलं. हिरव्या कापडाची बांधणी, विटलेली, आत कोण्या वकिलाचं नाव. जुन्या चालीचं पुस्तक, कडा न कापलेल्या, पानं जोडलेलीच, सुरीनं फाडून वाचायची. मी भराभर अठराव्या प्रकरणापर्यंत आलो आणि हसू आलं. वकीलसाहेबांनी तिथपर्यंतच फाडली होती. तेही आपल्यासारखेच, पोर्शनपुरते. ती हातांचं पीठ झटकून उठली, आणि त्यापुढे पन्नाससाठ पानं बंद. घडीत बोट घालून वाकवलं तर आतल्या ओळींची टोकं दिसत होती, अर्धे अर्धे शब्द. भाजी चिरायची सुरी हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. फाडली नाहीत. का, ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं. आत खरंच वारा असला तर? म्हणजे मी न वाचता खरं बोललो, आणि तरी ते खोटंच. आणि नवरा असला, तर अकरा वर्षं मी एका बाईला काय सांगून ठेवलं? दोन्हीकडून फास माझ्याच गळ्याला. पण त्याहून एक गोष्ट होती. ती पानं एकट्यानं वाचायची मला हिंमत होईना. चौकटीशी कोणीतरी दाळ निवडत बसलेलं पाहिजे होतं. ते सुचल्यावर मी सुरी खाली ठेवली आणि मोठ्यानं म्हणालो, न्यायला जातो. खोलीत आवाज भलताच घुमला.

इतवारी सकाळच्या मोटरनं निघालो. पेट्रोल मिळत नाही म्हणून मोटरच्या मागं कोळशाची भट्टी बसवलेली, चढ आला की लोक उतरून ढकलतात. मीही ढकलली, कोट काढून. पुस्तक काखेत. बसायला जागा मिळाली तेव्हापासून मी वाक्य घोकत होतो. आधी म्हणायचं, की ते मी खोटं सांगितलं होतं. मग म्हणायचं, की न्यायला आलो आहे. मग पुस्तक. धड्याची तयारी करतात तशी मी तयारी केली आणि दोन्हीकडच्या तुरीच्या रिकाम्या वावरांकडे पाहत राहिलो. आसेगावात उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. दौलतरावाच्या घरासमोर एक बैल बांधलेला, घरातली माणसं हरभऱ्याला गेलेली. दार उघडं होतं. मी पायरीपाशी वहाणा काढल्या, मुद्दाम आपटून काढल्या, म्हणजे आत कळावं.

गोजरा दारासमोरच पीठ चाळत बसली होती. केस पार पांढरे झालेले. हात तेच. तिनं मान वर केली, मला पाहिलं, पदर पुढे ओढला. उठली नाही. "या," म्हणाली, "माठावर तांब्या हाय." मी आपल्या हातानं पाणी घेतलं. पिताना माझ्या गळ्याचा आवाज मलाच ऐकू येत होता. चाळणी चालूच होती. मी खांबाला टेकून बसलो आणि घोकलेलं एकही वाक्य आठवेना. लेकरं कशी आहेत, विचारलं. ललिताचं लग्न मागच्या साली झालं, म्हणाली, पोरगा बापासंगं वावरात जाते. म्हणजे ज्यांच्यासाठी ती राहिली होती ती लेकरं मोठी होऊन गेली होती, आणि मला पत्रिका आली होती, आणि मी गेलो नव्हतो. मी पुस्तक मांडीवर घेतलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"त्या पाणचक्कीवालीच्या दारात वारा होता म्हणून मी सांगितलं होतं," मी म्हणालो. "ते खोटं होतं. मले मालूम नव्हतं."

मले, असंच आलं तोंडातून. ती जराशी हसली का, ते पदरामुळे दिसलं नाही.

"मले तवाच मालूम होतं," ती म्हणाली. "तुमी वाचून सांगता तवा बोट राह्यते तुमचं ओळीवर. तवा पुस्तक मिटेल होतं."

"मंग काही म्हणाली काहून नाही?"

"तुमी म्हनता का, ते पाहून राह्यली होती. मालूम नाही म्हनून. एक डाव."

चाळणीतून पीठ पडत होतं, तिच्या मनगटांवर, परातीत, जमिनीवर थोडं. आता म्हण, म्हण आता, असं मी स्वतःला म्हणत होतो. एखाद्या पोराला बाकावर उभं केल्यावर त्याची अशीच वाचा जाते, आणि मी वीस वर्षं त्यांना छडीनं बोलतं करत आलो. शेवटी म्हणालो. न्यायला आलो आहे, म्हणालो. पुस्तक पुरं मिळालं आहे, पुढची पानं मी फाडलीसुद्धा नाहीत, घरी गेल्यावर वाचू. हे सगळं एका दमात म्हणालो आणि तिच्याकडे न पाहता बैलाकडे पाहत राहिलो.

तिनं चाळणी थांबवली. आवाजात राग नव्हता, राग असता तर मी काही बोललो असतो.

"पन तुमचं खोटं नाही निंगालं," ती म्हणाली. "पह्यले दोन-तीन सालं मी या दाराकडं कान देऊन बसे. कोनाचं बी पाऊल वाजलं का उठे, हाताचं पीठ झटकून. वाराच होता. मंग मी उठनं सोडलं."

पोर्शनमध्ये नाही, असं सुद्धा म्हणता येत नव्हतं. तिनं कोंडा वेगळा काढला, पीठ डब्यात भरलं, परात उपडी करून ठेवली. मग विचारलं, मोटर किती वाजता हाय तुमची? मी सांगितलं. मंग निंगा, म्हणाली, कवा कवा लवकर येते ते. मी उठलो. पुस्तक तिथं ठेवावं असं एकदा मनात आलं, पण ठेवून ती काय करणार? दारात येऊन वहाणा घालताना मी मागं वळलो. ती परातीखाली सांडलेलं पीठ हातानं गोळा करत होती. त्या पिठावर माझ्या पायाचा ठसा उमटलेला होता आणि तेवढं सोडून ती बाकीचं गोळा करत होती.

मोटर खरंच लवकर आली. मानोऱ्याहून मंगरूळपीर करत येणारी, खच्चून भरलेली, आणि मागच्या बाकावर बोचकं मांडीवर घेऊन उदयसिंग. मला पाहून तो उभाच राहिला आणि जागा दिली. नको म्हणून भागेना. शेवटी दोघं दाटीवाटीनं बसलो. इकडं कसे सर, म्हणाला. मी म्हणालो, काम होतं. त्याची नजर पुस्तकावर गेली आणि चेहरा असा उजळला, की मला दुसरीकडे पाहावं लागलं. पुरं हाय का, विचारलं. मी पुस्तक त्याच्या हातात दिलं. त्यानं पानं उलटली, बंद कडेवर आंगठा फिरवला, आत वाकून पाहिलं. तुमी नाही वाचलं सर? मी मान हलवली. फाडू काय? मी म्हणालो, फाड, आधी तांड्यावर सांग, मग वर्गात, मला सांगायची घाई नको. त्यानं पुस्तक बोचक्यात नीट गुंडाळून ठेवलं. पुढचा इतवार आणि त्यानंतरचा वर्ग होईपर्यंत ते त्याच्याजवळ राहणार, आणि तोवर नऊ पोरं, एक तांडाभर बाया, सगळ्यांना कळलेलं असणार. मोटर चढाला लागली होती, भट्टीचा धूर आत यायला लागला, डोळे चुरचुरत होते, आणि त्या धुराचं मला बरंच वाटलं.

उदयसिंग कानाशी वाकून सांगायला लागला. त्या शुक्रवारनंतरच्या इतवारी त्याच्यापाशी शेवट नव्हता. बाया घेरून बसल्या. तेव्हा त्यानं खरं ते सांगून टाकलं, की मास्तरले बी मालूम नाही, त्याइनं काही सांगतलं नाही, उठून चालले गेले. त्याला वाटलं होतं बाया हसतील. तर भुरीबाई म्हणाली, मंग तुहा मास्तर खरा मानूस हाय, दुसरा असता तं कायबी सांगून मोकळा झाला असता.

मोटरच्या आवाजात ऐकू आलं नाही, असं मी दाखवलं. कानाला हात लावला. तेव्हा बिचाऱ्यानं तेच पुन्हा सांगितलं, ओरडून, सगळ्या मोटरला ऐकू जाईल असं: खरा मानूस हाय म्हने सर तुमी, दुसरा असता तं कायबी सांगलं असतं. पुढच्या बाकावरचे दोघंतिघं वळले. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं मला नीट पाहून घेतलं, काळा कोट, चष्मा, सगळं, आणि हात जोडले. मीही जोडले.